पन्नाशीतला खाणकामगार लष्कराला का हवा होता?

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवानोंदी तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. कुणीही त्या उघडून वाचू शकतं. त्यांत मधूनच एखादा असा कागद समोर येतो की वाचणारा थबकतो. जन्म: इंग्लंडमधलं कॉर्नवॉल, किंवा वेल्स, किंवा डरहॅम. भरती: ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या खाणीच्या गावात. व्यवसाय: खाणकामगार. वय: ४४. पुढची पानं उलटत गेलं की इस्पितळाच्या नोंदीत किंवा घरी परत पाठवण्याच्या हुकमात खरं वय बाहेर येतं. पन्नास. क्वचित त्याच्याही पुढे.

वय चोरून सैन्यात शिरलेल्या पोरांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. सोळा वर्षांचा मुलगा अठरा सांगतो. इथे मात्र उलटा प्रकार आहे. केस पांढरे व्हायला लागलेला, घरी बायको आणि हाताशी आलेली मुलं असलेला माणूस पाच-सहा वर्षं कमी सांगतो आणि डॉक्टर ती लिहून घेतात. भरतीच्या टेबलामागे बसलेल्याला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. कोळशाच्या खाणीत राबलेल्या माणसाच्या कातडीत जुन्या जखमांबरोबर कोळशाची भुकटी मुरलेली असते, तिचे निळसर वण आयुष्यभर जात नाहीत. असा हात समोर आला की वयाचा अंदाज यायला कागद लागत नाही. तरीही त्याला घेतलं, कारण त्या हातांत जे होतं ते लष्कराकडे नव्हतं आणि कवायतीच्या मैदानावर ते शिकवता येण्यासारखंही नव्हतं.

हे समजून घ्यायचं तर आधी जमिनीखालची लढाई म्हणजे काय ते पाहायला हवं.

सुरुंग

मराठीत 'सुरुंग' या एकाच शब्दात दोन गोष्टी मावतात. शत्रूच्या पायाखाली खणत नेलेली वाट, आणि तिच्या टोकाशी ठासलेली दारू. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या किल्ल्याला जवळजवळ दोन महिने वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा दाद देईना, तेव्हा मोगलांनी लांबून भुयार खणत आणून बुरूज उडवला. तोफेने जी भिंत पडत नाही ती तळातून पाडायची, ही युक्ती फार जुनी. खडकीला ज्यांचं ठाणं आहे त्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या, जुन्या नावात 'सॅपर्स अँड मायनर्स' असे दोन शब्द होते. त्यातला 'मायनर्स' हा याच विद्येचा.

१९१४ च्या अखेरीस ही विद्या पुन्हा जिवंत झाली. युरोपातली पश्चिम आघाडी तोवर गोठली होती. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर समोरासमोर खंदक. मध्ये काटेरी तारा, तारांमागे मशीनगन. वरून चाल करून जाणं म्हणजे माणसं कापून घेणं. उजवीकडून, डावीकडून वळसा घालायला जागाच नाही. मग उरतं ते खालून जाणं.

२० डिसेंबर १९१४ च्या सकाळी फ्रान्समधल्या झिवांशी आणि फेस्त्युबेर या गावांजवळ जर्मनांनी खंदकांखाली दहा छोटे सुरुंग उडवले. प्रत्येकात साधारण ५० किलो स्फोटकं. वरच्या खंदकांत होती लाहोर डिव्हिजनची सरहिंद ब्रिगेड, म्हणजे आपल्याकडून नेलेले शिपाई. नुकतेच मार्सेयच्या बंदरात उतरलेले, फ्लँडर्सच्या चिखलात आणि थंडीत पहिला हिवाळा काढणारे. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्याही याच भारतीय कोअरमध्ये होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांनी आधीच मोठी हानी सोसली होती. ब्रिटिश इतिहासात 'टनेलिंग कंपन्यांची', म्हणजे जमिनीखाली भुयारं खणणाऱ्या लष्करी तुकड्यांची, सुरुवात म्हणून जी तारीख सांगितली जाते तिच्या मुळाशी भारतीय शिपायांवर कोसळलेली ही सकाळ आहे, हे आपण तरी विसरू नये.

पायाखालची जमीन केव्हाही उडेल ही भीती तोफगोळ्यापेक्षा वेगळी असते. गोळ्याचा आवाज येतो, माणूस खाली झोपतो. सुरुंगापुढे झोपून काय उपयोग? ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना ताबडतोब उत्तर हवं होतं आणि त्यांच्या नेहमीच्या सैन्यात ते देऊ शकणारी माणसं फारशी नव्हती.

उताणं पडून, पायाने

उत्तर आलं गटाराच्या कंत्राटदाराकडून. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स हा पार्लमेंटचा सदस्य आणि मोठा बांधकाम ठेकेदार. मँचेस्टर शहराखाली त्याची माणसं सांडपाण्याची भुयारं खणत होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये युद्धमंत्री किचनर यांच्यासमोर त्याने शेगडीतलं फावडं उचललं आणि जमिनीवर उताणं पडून ते काम कसं करतात ते पायांनी करून दाखवलं. काही दिवसांतच मँचेस्टरच्या कामावरून सुटलेली पहिली १८ माणसं लष्करी गणवेश चढवून झिवांशीच्या जमिनीखाली होती. कवायत जवळपास नाहीच.

ती पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. तिला म्हणत 'क्ले किकिंग', म्हणजे लाथेने माती काढणं. भुयार इतकं अरुंद की माणूस त्यात नीट बसूही शकत नाही. कामगार एका तिरक्या लाकडी फळीवर पाठ टेकून पडतो, पाय मातीच्या भिंतीकडे. हातात कुदळ नाही. दोन्ही पायांच्या तळव्यांत एक अरुंद, धारदार फावडं. गुडघे छातीशी घेऊन तो दोन्ही पायांनी ते भिंतीत रेटतो, दांडा किंचित हलवतो आणि चिकणमातीचा एक सलग तुकडा सुटून येतो. ठोका नाही, खणखणाट नाही. मागे बसलेला दुसरा गडी तो तुकडा उचलून पोत्यात भरतो. तिसरा ती पोती रबरी चाकांच्या छोट्या ट्रॉलीवरून मागे ओढत नेतो आणि येताना लाकडाच्या चौकटी घेऊन येतो. चौकटीला खिळा ठोकायचा नाही, कारण खिळ्याचा आवाज जातो. चिकणमाती मोकळी झाली की फुगते. तीच फुगून लाकडाला घट्ट धरते. चौकट नेमकी किती ढिली बसवायची म्हणजे माती तिला धरेल पण मोडणार नाही, हे बोटांना कळायचं.

अशा रीतीने चांगलं पथक दिवसाला सात-आठ मीटर पुढे सरकायचं. कुदळ-फावड्याने खणणाऱ्या जर्मनांचा वेग याच्या पावपटीला येई, आणि तोही आवाज करत.

अशा कसबी माणसाला दिवसाला ६ शिलिंग मिळत. खंदकातल्या साध्या ब्रिटिश शिपायाला साधारण एक शिलिंग. यावरून कुरबुरी झाल्या. सलाम न ठोकणारी, अधिकाऱ्याला मुकादमासारखी वागवणारी ही माणसं जुन्या सेनाधिकाऱ्यांना झेपत नव्हती. पण बदली तरी कुणाला आणणार? १९१६ च्या मध्यापर्यंत ब्रिटिश सैन्यात सुमारे २५,००० प्रशिक्षित टनेलर होते आणि माती वाहायला, हवा भरायला, पाणी उपसायला जवळजवळ त्याच्या दुप्पट पायदळी शिपाई त्यांच्या हाताखाली दिलेले होते. एकूण ३२ कंपन्या. त्यांतल्या २५ ब्रिटिश, तीन कॅनडाच्या, तीन ऑस्ट्रेलियाच्या, एक न्यूझीलंडची.

निघून गेलेली माणसं परत येतात

आता त्या ४४ वर्षं सांगणाऱ्या माणसाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉर्नवॉलमधल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी बसू लागल्या. खाणकामगारांची घरंच्या घरं बाहेर पडली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा आणि बरा इथल्या तांब्याच्या खाणी, पुढे ब्रोकन हिलची चांदी-शिसं, १८९३ नंतर कालगुर्लीचं सोनं, असा त्यांचा प्रवास. वेल्स, स्कॉटलंड आणि डरहॅमचे कोळसेवाले न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात गेले. जगात कुठेही जमिनीला भोक दिसलं की त्याच्या तळाशी कॉर्नवॉलचा माणूस सापडेल, असं तेव्हा म्हटलं जाई. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ही मंडळी पोचली होती.

म्हणजे विशीत घर सोडलेला मुलगा १९१५ साली पंचेचाळीस-पन्नाशीचा झालेला. आयुष्याची पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्या गोलार्धात जमिनीखाली काढली. आणि आता युद्ध त्याला पुन्हा तिकडेच ओढून नेतं. फ्रान्सच्या ज्या भुयारात तो पडून असतो तिथून जन्मगाव एका रजेच्या अंतरावर, बायको-मुलं मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याला 'घरी जायला मिळालं' असं म्हणायचं की 'घरापासून दूर नेलं' असं म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही खरं असावं. अशा माणसांनी इंग्लंडमधल्या रजेत म्हाताऱ्या आईला पाव शतकाने पाहिलं असेल.

या सगळ्यांना एकत्र आणणारा माणूस स्वतःही स्थलांतरितच होता. एजवर्थ डेव्हिड. वेल्समधल्या कार्डिफजवळच्या एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १८५८. चोविसाव्या वर्षी न्यू साउथ वेल्स सरकारच्या भूगर्भ खात्यात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. हंटर खोऱ्यातला ग्रेटा हा कोळशाचा प्रचंड थर त्याने शोधला, म्हणजे ज्या खाणींत पुढे हजारो स्थलांतरितांना काम मिळालं त्यांच्यामागे याचंच डोकं होतं. पुढे सिडनी विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. पन्नाशीत अंटार्क्टिकाला गेला, एरेबस ज्वालामुखी चढला आणि १६ जानेवारी १९०९ रोजी दोन सहकाऱ्यांसह दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या जागी पोचला.

तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईच्या बातम्या वाचून त्याने १९१५ मध्ये सरकारला सुचवलं की ऑस्ट्रेलियातल्या खाणकामगारांचं स्वतंत्र लष्करी दल काढावं. सरकारने मानलं. आणि प्राध्यापक सल्ला देऊन घरी बसला नाही. वयाच्या ५७ व्या वर्षी तो स्वतः मेजर म्हणून भरती झाला. २० फेब्रुवारी १९१६ ला 'युलिसिस' जहाजातून खाणदल सिडनीहून निघालं. फ्रीमँटल सोडताना जहाज पाण्याखालच्या खडकावर आपटलं आणि जवळजवळ महिना तिथेच गेला. मे महिन्यात मंडळी फ्रान्सला पोचली. पुढे त्यांच्या तीन टनेलिंग कंपन्या झाल्या, शिवाय विजेची, पंपांची आणि जमिनीत भोकं पाडण्याची यंत्रं सांभाळणारी एक निराळी कंपनी. माणसं त्याला नुसतं 'प्रोफेसर' म्हणत.

माती ओळखणं

या प्रोफेसराचा उपयोग काय झाला ते सांगतो, कारण टनेलरच्या लढाईचा निम्मा निकाल मातीच लावत असे.

बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवतीची जमीन थरांची आहे. वर भुसभुशीत माती. तिच्याखाली पाण्याने गच्च भरलेली वाळू, जी खणायला गेलं की पातळ पिठासारखी वाहून आत येते. आणि तिच्याही खाली निळसर चिकणमातीचा जाड थर, जो कोरडा, घट्ट आणि भुयाराला उत्तम. म्हणजे वाळूतून कसंबसं खाली उतरलं तर स्वर्ग. पण उतरायचं कसं? ब्रिटिशांनी पोलादी कड्या एकावर एक बसवत त्या वाळूतून विहिरी पाडल्या आणि निळ्या मातीत शिरले. पुढची काळजी वेगळीच. खालून निघालेली निळी माती उघड्यावर पडली आणि जर्मन विमानातून कुणी पाहिली, तर एवढ्या खोलवर खणताहेत हे लगेच कळणार. म्हणून प्रत्येक पोतं रात्री उचलून लांब नेऊन लपवायचं.

दक्षिणेकडे फ्रान्समध्ये मात्र जमीन खडूसारख्या पांढऱ्या, ठिसूळ चुनखडकाची. तिथे वेगळं संकट. पावसाळी हिवाळ्यात भूजल वर येतं आणि उन्हाळ्यात खणलेलं कोरडं भुयार डिसेंबरात भरून जातं. आपल्याकडे आड खणणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण सेनापतींना नकाशावर दाखवावं लागतं: इथे अमुक फुटांपर्यंत खणा, त्याखाली नको. डेव्हिड हेच करत होता. १९१६ मध्ये एका विहिरीत भूजल किती खोल आहे ते पाहायला उतरताना रहाटाची यंत्रणा तुटली आणि तो सुमारे ८० फूट खाली तळाशी आदळला. दोन बरगड्या मोडल्या, आत जबर दुखापत झाली. वय ५८. लंडनच्या इस्पितळात नेलं. नोव्हेंबरात गडी पुन्हा आघाडीवर हजर, आता ब्रिटिश सैन्याचा भूगर्भविषयक सल्लागार म्हणून.

चुनखडकात पायाने माती काढता येत नाही आणि कुदळ चालवली तर ठक् ठक् आवाज दूरवर जातो. सोम नदीच्या लढाईआधी ला बुआसेल गावाजवळ जो मोठा सुरुंग खणला गेला तिथे माणसं अनवाणी काम करत. जमिनीवर वाळूची पोती अंथरलेली. लांब दांडा लावलेली संगीन एकजण खडकाच्या भेगेत हळूच खुपसतो आणि पिळतो. दगड सुटतो. तो खाली पडायच्या आत दुसरा माणूस हातांत झेलतो आणि बाळाला ठेवावं तसा जमिनीवर ठेवतो. चोवीस तासांत दीड फूट पुढे गेलं तरी समाधान. या कामात जोर कमी आणि धीर जास्त लागतो. विशीतल्या पोराला हा धीर शिकवायला वर्षं लागतील. पन्नाशीतल्याकडे तो आपोआप असतो.

कान

तरुण बळकट मुलं सैन्यात लाखांनी होती. जुना खाणकामगार हवा होता तो मुख्यतः कानासाठी.

खाणीत पंचवीस वर्षं काढलेल्याला छताचा आवाज कळतो. लाकूड ताणाने करकरतं आहे की मोडायला आलं आहे, पाणी कुठून झिरपतंय, खडक 'बोलतोय' की नाही, हे तो न बघता सांगतो. जमिनीखालच्या लढाईत हे ज्ञान जीव वाचवायचं, कारण पलीकडून शत्रूचं भुयारही येत असायचं. तिकडे खणणाराही बहुतेक वेळा खाणकामगारच.

सुरुवातीला साधने घरगुती होती. पाण्याने भरलेलं पिंप भुयारात ठेवून त्यात कान बुडवायचा. किंवा काठीचं एक टोक दातात धरायचं आणि दुसरं भिंतीला टेकायचं, म्हणजे कंप हाडातून कानात येतो. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेराँ यांनी बनवलेलं जिओफोन आलं. दोन लाकडी डब्या, आत अभ्रकाच्या चकत्यांमध्ये पारा, आणि त्यांना जोडलेली डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी नळी. एक डबी डाव्या कानाची, दुसरी उजव्या. दोन्ही जमिनीवर ठेवून ऐकणारा त्या हळूहळू सरकवत राहतो. आवाज दोन्ही कानांत सारखा झाला की शत्रू नेमका समोर. मग होकायंत्रावर दिशा पाहायची. दोन वेगळ्या जागांवरून दिशा घेतल्या की त्या जिथे छेदतात तिथे तो खणतोय.

पण यंत्र फक्त आवाज मोठा करतं, त्याचा अर्थ लावत नाही. हा ठोका कुदळीचा की उंदराचा? पोती ओढल्याची घसट आहे, म्हणजे अजून खणताहेत. घसट थांबली आणि जड डबे ठेवल्यासारखा आवाज येतोय, म्हणजे दारू भरताहेत. मग पूर्ण शांतता. शांतता सगळ्यांत वाईट. ऐकणारा अंधारात, थंडीत, चिखलात पोटावर पडून तासन् तास श्वास रोखून ऐकतो आणि शेवटी वर कळवतो: थांबू या, किंवा आत्ता उडवू या.

'उडवू या' म्हणजे कामूफ्ले. बेताची दारू भरून फक्त शत्रूचं भुयार चेपायचं, वर जमिनीवर खड्डाही पडू द्यायचा नाही. पलीकडची माणसं तिथेच गाडली जात. ज्यांनी हे केलं त्यांना ते कसं वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. खाणीत दरड कोसळून माणसं अडकली की सगळं गाव धावत जातं, हा या लोकांचा जन्मभराचा संस्कार. इथे तीच दरड त्यांनी मुद्दाम पाडायची.

स्फोटानंतर उरतो वायू. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस न धापता, न खोकता, गुंगी येऊन कोसळतो. पिवळ्या कॅनरी पक्ष्याचं शरीर लहान, श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी दांडीवरून पडतो. पिंजरा घेऊन पुढे जायचं, पक्षी पडला की मागे फिरायचं. कॅनरी, पांढरे उंदीर, पाठीवर ऑक्सिजनची टाकी घेऊन आत शिरणारं बचाव पथक, हे सगळं लष्कराने खाणींतूनच उचललं.

हिल ६० आणि आरास

ईप्रजवळची हिल ६० ही टेकडी म्हणजे खरं तर मातीचा ढीग. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या रेल्वेसाठी खणलेली माती तिथे टाकली होती. पण सपाट प्रदेशात समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंचीही सोन्याच्या मोलाची. तिच्याखाली आणि शेजारच्या उंचवट्याखाली कॅनडाच्या टनेलरांनी दोन प्रचंड सुरुंग भरून ठेवले होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये पहिल्या ऑस्ट्रेलियन टनेलिंग कंपनीने ते ताब्यात घेतले आणि पुढचे सात महिने राखण केली.

राखण हा शब्द साधा वाटतो. त्यात पाणी उपसणं होतं, स्फोटकं कोरडी ठेवणं होतं (अमोनाल या स्फोटकातला अमोनियम नायट्रेट ओल ओढून घेतो, म्हणून ते बंद डब्यांत भरत), विजेच्या तारा पुन्हा पुन्हा तपासणं होतं, आणि शेजारी खणणाऱ्या जर्मनांना रात्रंदिवस ऐकणं होतं. ते एकदा फार जवळ आले. कामूफ्ले उडवून त्यांना थांबवावं, तर आपलं तिथे काही मोठं आहे हे त्यांना कळेल. गप्प राहावं, तर ते थेट दारूच्या कोठारात येऊन पोचतील. कंपनीतला अधिकारी ऑलिव्हर वुडवर्ड हा खाण-अभियंता. ऐकून, मोजून त्याने आणि त्याच्या माणसांनी गप्प राहायचं ठरवलं.

७ जून १९१७, पहाटे ३ वाजून १० मिनिटं. ईप्रच्या दक्षिणेकडच्या मेसिनच्या टेकाडाखाली, हिल ६० च्या त्या दोघांसह, १९ सुरुंग जवळजवळ एकाच वेळी उडाले. एकूण स्फोटकं सुमारे ४५० टन. काही सुरुंग जवळजवळ वर्षभर आधी भरलेले. हजारो जर्मन सैनिक मेले किंवा भांबावून पकडले गेले आणि जे टेकाड अडीच वर्षं हललं नव्हतं ते त्याच दिवशी ब्रिटिशांच्या हाती आलं. आखलेल्या सुरुंगांपैकी काही वापरलेच नाहीत. त्यांतला एक १९५५ च्या जुलैत वीज पडून आपसूक उडाला. एक गाय तेवढी दगावली.

फ्रान्समधल्या आरासला न्यूझीलंडच्या कंपनीने वेगळंच काम केलं. शहराखाली मध्ययुगापासूनच्या चुनखडकाच्या खाणी होत्या. वाइहीच्या सोन्याच्या आणि वेस्ट कोस्टच्या कोळशाच्या खाणींतून आलेल्या माणसांनी त्या भुयारांनी एकमेकींना जोडल्या. चुकू नये म्हणून पोकळ्यांना आपल्या गावांची नावं दिली: वेलिंग्टन, नेल्सन, ऑकलंड. आत विजेचे दिवे, नळाचं पाणी, स्वयंपाकघरं, इस्पितळ. ९ एप्रिल १९१७ च्या हल्ल्याआधी हजारो सैनिक तिथे जर्मनांच्या तोफांना न दिसता थांबले होते. माणसं मारण्याऐवजी वाचवण्यासाठी खणलेलं हे काम मला सगळ्यांत जास्त आवडतं.

शरीराची किंमत

म्हाताऱ्या टनेलरच्या सेवानोंदीकडे पुन्हा पाहू. पराक्रमाची नोंद बहुतेक वेळा नसतेच. असतात त्या इस्पितळाच्या ओळी. संधिवात. छातीचा दाह. हृदय अशक्त. 'अकाली वार्धक्य'. थंड पाण्यात पडून आठ-आठ तासांच्या पाळ्या, वर जुन्या खाणीतल्या धुळीने आधीच निबर झालेली फुफ्फुसं. आघाडीवर सहा-आठ महिने काढून 'वय जास्त' असा शेरा घेऊन परत पाठवलेले पुष्कळ आहेत. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, काय केलं याने? पण त्याच महिन्यांत त्याने कुणातरी पोराला चौकट कशी बसवायची ते दाखवलं, जिओफोनमधला कुठला आवाज खोटा ते सांगितलं. ती ओळ कुठल्याच कागदावर नसते. नोंद वाचणाऱ्याने तारखा जुळवून, कंपनी त्या महिन्यांत कुठे होती ते शोधून, ती स्वतः भरायची असते.

एकाची नोंद मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तो स्थलांतरित नव्हता, पण वय आणि हात तेच. विल्यम हॅकेट, यॉर्कशरमधल्या मेक्सबरोचा कोळसा खाणकामगार. पायदळाने त्याला वयामुळे तीनदा परत पाठवलं. ऑक्टोबर १९१५ मध्ये टनेलर म्हणून घेतलं. २२ जून १९१६ च्या पहाटे झिवांशीला, जिथे आपल्या शिपायांखाली पहिले सुरुंग उडाले होते त्याच गावाजवळ, जर्मनांनी मोठा सुरुंग उडवला आणि हॅकेटसह पाच जण भुयारात अडकले. वीस तास खणून बचाव पथकाने कोसळलेल्या मातीतून एक भोक पाडलं. हॅकेटने तिघांना त्यातून बाहेर ढकललं. स्वतःला काही झालेलं नव्हतं, तोही निघू शकत होता. आत राहिला होता थॉमस कॉलिन्स, वेल्स रेजिमेंटचा बावीस वर्षांचा जखमी मुलगा. त्याला त्या भोकातून काढणं शक्य नव्हतं. वरून हाका मारत होते. हॅकेट म्हणाला, "मी टनेलर आहे. आधी बाकीच्यांना बघितलं पाहिजे."

भोक हळूहळू बुजत गेलं, मग सगळंच कोसळलं. बाहेरचे चार दिवस खणत राहिले. हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या शेतात २०१० साली टनेलरांचं स्मारक उभं राहिलं. त्याच्याजवळ, बारा-तेरा मीटर खाली, तो आणि तो मुलगा अजून शेजारी शेजारी आहेत.